मध्यम म्हणजे किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मराठ्यांच्या आरमाराची गोष्ट आपण शाळेत वाचतो तेव्हा गुराबा, गलबतं, मचवे, शिबाडं अशी नावांची रांग येते आणि आपण ती ओलांडून पुढच्या लढाईकडे जातो. त्यातला ‘गुराब’ हा शब्द मूळचा अरबी. अरबीत गुराब म्हणजे कावळा. पुढे झेपावलेलं निमुळतं टोक पाहून कुणा खलाशाला काळी चोच आठवली असेल. जमीन नांगरतो तो नांगर वेगळा आणि बोट थांबवतो तो वेगळा. दुसरा आला फारसी ‘लंगर’वरून. ‘नाखवा’ आला ‘नाखुदा’तून, म्हणजे नावेचा धनी. ‘बंदर’ फारसी, ‘जहाज’ अरबी. किनाऱ्यावर बोट बांधणारा सुतार अनेकदा हिंदू असे आणि ती हाकणारा तांडेल अनेकदा मुसलमान. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी आणि दौलतखान ही दोन नावं शेजारी शेजारी येतात, त्यात त्या काळी कुणाला नवल वाटलं नसावं. समुद्राची भाषा अशीच मिसळून तयार झालेली आहे.

माझा धंदा शब्दांचा, त्यामुळे शब्दांविषयी मी तासभर बोलू शकेन. पण आज मला बोलायचंय ते आकड्यांविषयी. आपल्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं लाकडी जहाजं बांधली गेली. त्यांची लांबी किती, रुंदी किती, तळाच्या कण्याचं लाकूड केवढं, फळी किती जाड, हे ठरवलं कुणी, आणि कसं?

हा प्रश्न मला पडला तो रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’मुळे. १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वृक्षांविषयीची सूचना आपल्याला ठाऊक आहे. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. पर्यावरणावरच्या भाषणांत हा भाग हमखास येतो. पण त्याच प्रकरणात जहाजांच्या आकाराविषयीही एक सूचना आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. गलबतांचंही तेच. वाऱ्यावाचून जागचं हलणार नाही असं अवजड जहाज लढाईच्या कामाचं नाही, असा त्यामागचा विचार.

मध्यम म्हणजे किती? किती हात? अमात्य सांगत नाहीत. बारीकसारीक तपशिलांचा हा कारभारी माणूस आरमाराचं माप सांगताना एका विशेषणावर थांबतो. सुरुवातीला मला ही उणीव वाटली. नंतर वाटलं, त्यांना आकडा लिहायची गरजच पडली नसेल. गोदीतल्या सुताराला ‘मध्यम’ म्हटलं की कळत होतं. आकडा होता, तो कागदावर नव्हता, माणसाकडे होता.

आता हा माणूस काय करत असे, ते पाहू. बोट बांधून घेणारा मालक सुताराकडे येई तो लांबी घेऊन येत नसे. तो येई माल घेऊन. माझी इतक्या खंडी मालाची बोट हवी, असं तो म्हणे. आपल्याकडे जहाजाचा आकार खंडीत सांगायची रीत होती. यात आपणच काही वेगळे होतो असं नाही. इंग्रजांचा ‘टन’ हा शब्दही मूळचा दारूच्या मोठ्या पिंपाचा. जहाजात किती पिंपं मावतात, यावरून त्याचं मोठेपण ठरे. म्हणजे सुतारापुढचं पहिलं गणित होतं ते खंडीचे हात करण्याचं.

हे गणित दिसतं तेवढं सरळ नाही. समजा, चाळीस हात लांबीची एक बोट काही एक माल नेते. मालकाला दुप्पट माल न्यायचाय. मग बोट ऐंशी हातांची करायची का? तसं केलं, आणि लांबीबरोबर रुंदी आणि खोलीही दुप्पट केली, तर बोटीचं पोट दुप्पट होत नाही, आठपट होतं. दुप्पट माल हवा असेल तर चाळीसचे साधारण पन्नास हात पुरतात. रुंदी, खोली त्याच प्रमाणात वाढली म्हणजे झालं. घनमूळ काढायला न शिकलेला सुतार हे जाणून होता. कारण त्याने, त्याच्या बापाने आणि आजाने बांधलेल्या बोटींची उजळणी त्याच्या डोक्यात होती.

पण नुसता माल मावून चालत नाही. बोट कलंडू नये, फुटू नये आणि जिथे जायचंय तिथे तिला जाता यावं. बोट कलू लागली की तिला सावरते ती मुख्यतः रुंदी. पाण्यावर टेकलेल्या आकारामुळे कलण्याला जो विरोध होतो, तो लांबी दुप्पट केली तर दुपटीनं वाढतो, पण रुंदी दुप्पट केली तर आठपटीनं. म्हणून रुंदीतल्या एका वितीची चूक लांबीतल्या एका हाताच्या चुकीपेक्षा महाग पडते. मग रुंदी वाढवतच का जाऊ नये? तर फार रुंद बोट पाणी कापत नाही, ढकलते. शिवाय ती लाटेवर इतक्या झटक्यानं सरळ होते की डोलकाठीच्या बुंध्याला हिसके बसतात.

या सगळ्याचा मेळ घालणारं एखादं सूत्र आपल्या ग्रंथांत आहे का? आहे. ‘युक्तिकल्पतरु’ नावाचा संस्कृत ग्रंथ धारच्या भोजराजाच्या नावावर आहे, म्हणजे काळ अकराव्या शतकाचा मानला जातो. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनाच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांनी या ग्रंथातली जहाजांची मापं अभ्यासकांपुढे ठेवली. नद्यांत चालणाऱ्या सामान्य नौका वेगळ्या, समुद्रात जाणाऱ्या विशेष नौका वेगळ्या. विशेष नौकांत पुन्हा ‘दीर्घा’ आणि ‘उन्नता’ असे दोन वर्ग. दीर्घा वर्गात दहा जाती. पहिली बत्तीस हात लांब, मग अठ्ठेचाळीस, चौसष्ट, ऐंशी, असं सोळा-सोळानं चढत शेवटची एकशे शहात्तर हातांची. प्रत्येकीची रुंदी लांबीच्या एक अष्टमांश आणि उंची एक दशांश. ऐंशी हात लांब, तर दहा हात रुंद आणि आठ हात उंच. उन्नता वर्गात रुंदी आणि उंची दोन्ही लांबीच्या निम्म्या. काही मापं शुभ, काही अशुभ.

हे वाचून अभिमान वाटणं साहजिक आहे, मलाही वाटला. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हात दीड फुटाचा धरला तर एकशे शहात्तर हात म्हणजे दोनशे चौसष्ट फूट. रुंदी तेहतीस फूट. आता ताडून पाहायला ‘कटी सार्क’ हे प्रसिद्ध वेगवान शिडाचं जहाज घेऊ. ते १८६९ साली बांधलं गेलं. त्याच्या बरगड्या लोखंडाच्या, वरच्या फळ्या लाकडाच्या. त्याची लांबी सुमारे दोनशे बारा फूट आणि रुंदी छत्तीस. म्हणजे लोखंडाचा आधार असूनही एकोणिसाव्या शतकातले लोक लांबी-रुंदीचं प्रमाण सहास एकच्या आसपास ठेवत होते आणि आपला ग्रंथ निव्वळ लाकडात आठास एक सांगतो. लांब, अरुंद लाकडी जहाज लाटेच्या माथ्यावर मधोमध उचललं गेलं की त्याची दोन्ही टोकं खाली लोंबतात, दर लाटेला सांधे हलतात आणि पाणी आत येतं. ग्रंथातली मोठी मापं प्रत्यक्षात टिकवणं फार कठीण होतं, असं माझं मत झालं.

मग ग्रंथकारानं खोटं लिहिलं का? मला तसं वाटत नाही. ग्रंथ श्लोकबद्ध आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सोळा-सोळानं वाढणारी मापं पाठ व्हायला सोपी. रचना करणाऱ्याला नीटसपणाचा मोह पडतो, हे मी स्वतःवरून सांगतो. एकदा लय सापडली की पुढची ओळ अर्थापेक्षा लयीनं येऊ लागते. ग्रंथकाराला गोदीतून जे मिळालं असेल ते मूल्यवान आहे. लांबीतून रुंदी निघते, रुंदी-लांबीतून खोली निघते. सुटे आकडे नव्हेत, प्रमाण महत्त्वाचं. हे तत्त्व त्यात स्वच्छ आहे. लाकडांची वर्गवारीही आहे. हलकं आणि मऊ, हलकं आणि कठीण, जड आणि मऊ, जड आणि कठीण असे चार वर्ण पाडून जहाजाला हलकं पण कठीण लाकूड उत्तम, असं सांगितलंय. आजचा अभियंतासुद्धा वजनाच्या मानानं बळकट लाकूडच मागेल. तत्त्व गोदीतलं आहे. तक्ता मात्र पोथीतला.

गोदीतला तक्ता कसा होता, याची एक झलक परक्या माणसाच्या लिखाणात मिळते. रॉबर्ट ऑर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. त्यानं १७६३ पासून छापलेल्या इतिहासात आंग्र्यांच्या जहाजांचं वर्णन केलंय. गुराबांना बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाल्या तीनशे टनांच्या आसपास, दोनवाल्या दीडशेच्या आत. लांबीच्या मानानं त्या फार रुंद, मधून टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या, आणि त्यांना पाणी अगदी कमी लागतं. गलबतं त्याहून लहान, सत्तर टनांच्या वर क्वचित जाणारी, चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारी. अमात्यांच्या ‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ मला इथे लागला. वारा पडला तर वल्ह्यांवर ओढता येईल इतपत, तोफा पेलतील इतपत, आणि ओहोटीलाही खाडीत शिरता येईल इतपत. त्या मागे खोल समुद्रातलं इंग्रजांचं जहाज खाडीच्या तोंडाशी अडून राहावं, हे ‘मध्यम’चं माप.

म्हणजे माप ठरत होतं किनाऱ्यावरून. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या सुताराला मी पूर्वी विचारलं होतं, “काका, तीस हात लांबीची होडी बांधायची तर रुंदी किती धरायची?” काकांनी मलाच प्रश्न विचारले. “भाई, आधी सांगा, ती नेणार कुठल्या खाडीत? तोंडाशी वाळूचा दांडा आहे का? आत भरणार काय, मासे की कौलं? आणि पावसाळ्यात ओढून वर घ्यायला माणसं किती आहेत तुमच्याकडे?” शेवटचा प्रश्न कुठल्याही ग्रंथात मिळणार नाही. सगळी उत्तरं झाल्यावर त्यांनी सुतळी घेतली, तीस हात मोजली, तिच्या चार घड्या घातल्या आणि एका घडीवर वीतभर सुतळी जास्त सोडून गाठ मारली. हे झालं रुंदीचं माप. चौथा हिस्सा आणि वर थोडं. ते ‘थोडं’ खाडीचं होतं.

त्यांच्या हत्यारांत गज होता, चोवीस तसूंचा हिशेब होता, ओळंबा, गुण्या, वाकस, पटाशी, गिरमिट सगळं होतं. नकाशा नव्हता. आपल्या किनाऱ्याची जुनी रीत अशी की आधी तळाचा कणा मांडायचा, त्यावर पुढचं आणि मागचं टोक उभं करायचं, मग दोन्ही बाजूंनी फळ्या वर चढवत न्यायच्या. आतल्या बरगड्या मागाहून, तयार झालेल्या पोटाला बेतून बसवायच्या. युरोपातल्या मोठ्या गोद्यांत उलट, आधी बरगड्यांचा सांगाडा आणि मग फळ्या. आपल्या रीतीत बोटीचा आकार हा फळी कशी वळते यावर असतो. ती कुठवर वळेल हे लाकूड सांगतं. साग एका रीतीनं वळतो, पाटफणस दुसऱ्या. बरगडीसाठी सरळ लाकूड कापून वाकडं करत नाहीत, मुळात वाकडी वाढलेली फांदीच शोधतात, म्हणजे रेषा तुटत नाहीत. त्यामुळे काठाची कड बरोबर आली की नाही, हे बघायला सुतार वीस पावलं मागे जातो आणि एक डोळा मिटतो. चुकलेली कड त्याला दिसते, जशी चुकलेली मात्रा कानाला आधी कळते आणि गण पाडून बघणं नंतर येतं.

आणि फळी किती जाड? इथे प्रमाणाचा नियम मोडतो, हे फार महत्त्वाचं आहे. सगळी मापं दुप्पट केली तर बोटीचं वजन आठपट होतं, पण लाकडाच्या छेदाचं क्षेत्र चौपटच वाढतं. म्हणजे लहान बोटीची हुबेहूब मोठी प्रत काढली तर ती तितकीशी बळकट राहत नाही. मोठ्या बोटीत बरगड्या प्रमाणाबाहेर जाड आणि जवळ जवळ घ्याव्या लागतात. गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला, आणि त्याची सुरुवात त्यानं कुठून करावी? व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या गोदीतून. मोठं जहाज पाण्यात सोडताना लहान जहाजाच्या मानानं फार जास्त आधार का द्यावा लागतो, हे तिथल्या जाणत्या कारागिराकडून कळलं, असं त्या संवादातली पात्रं मोकळेपणी बोलतात. आधुनिक विज्ञानातल्या एका थोर ग्रंथाच्या पहिल्याच पानांवर कारागिराचं ऋण मान्य केलेलं आहे. आपल्याकडे ते ज्ञान कमी नव्हतं. ते लिहून घेणारा कुणी गोदीत गेला नाही. ज्याच्या हातात वाकस त्याच्या हातात बोरू नाही, आणि बोरूवाल्याच्या अंगाला राळेचा वास नाही, ही आपली जुनी फाळणी.

माप माणसात ठेवलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १६५९ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूला आरमार बांधायला घेतलं, तेव्हा रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा हे पोर्तुगीज कारागीर कामावर होते. हे आरमार उद्या आपल्याच उरावर बसेल, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं या लोकांना काम सोडून यायला लावलं. माणसं उठली तशी त्यांच्यासोबत त्यांची मापंही उठून गेली. पुढे मराठ्यांचं आरमार उभं राहिलं, वाढलं, विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडक कापून केलेली गोदी आजही त्याची साक्ष देते. पण १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. त्या गुराबा बांधणाऱ्या सुतारांपैकी किती जणांची नावं आपण सांगू शकतो?

मग माप कागदावर असतं तर सुखरूप राहिलं असतं का? त्याचंही उत्तर इतिहासात आहे, आणि तेही आपल्या मुंबईचं. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईत गोदी उभारायला आले. १७५० साली इथे सुकी गोदी तयार झाली. लवजींच्या घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींच्या हातून इंग्रजी आरमाराची मोठमोठी जहाजं उतरली. १८१० साली ‘मिंडेन’, १८१३ साली ‘कॉर्नवॉलिस’. पुढे एका लढाऊ जहाजाची मागणी आली, आणि त्याचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून मुंबईला पाठवण्यात आले. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ जहाजानं ‘जावा’ला लढाईत नामोहरम केलं. नकाशे जहाजाबरोबर गेले. लंडनहून पुन्हा नवे नकाशे यावे लागले आणि ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरलं. मलबारच्या सागाचं, सुमारे दीडशे फूट लांब, चाळीस फूट रुंद. लांबीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त रुंदी. काकांची सुतळी आठवते की नाही? इंग्लंडमधल्या हार्टलपूलला हे जहाज आजही तरंगतंय.

म्हणजे माणसात ठेवलेलं माप माणसाबरोबर निघून जातं आणि कागदावरचं माप कागदाबरोबर बुडतं. वाडियांचं शहाणपण असं की त्यांनी दोन्ही जवळ केलं. त्याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण १८३८ साली मुंबईहून इंग्लंडला गेले, चॅटमच्या गोदीत जहाजांचे आराखडे करायला शिकले आणि १८४१ साली त्यांनी आपल्या प्रवासाचं पुस्तकही छापलं. पिढ्यान् पिढ्या हातानं जमलेलं असूनही कागदाची विद्या घ्यायला ते समुद्रापार गेले. वाडियांची नावं आपल्याला ठाऊक आहेत ती या कागदामुळेही. त्यांच्या हाताखाली सागाच्या फळ्या तासणारे शेकडो सुतार होते, त्यांची नावं मात्र त्या कागदावर चढली नाहीत.

कागदाचीही स्वतःची लबाडी असते, हे सांगायला हवं. इंग्रजांच्या जुन्या नियमात जहाजाचे टन काढताना लांबी आणि रुंदी मोजत, खोली मोजतच नसत. ती रुंदीच्या निम्मी आहे असं धरून गुणाकार करत आणि चौऱ्याण्णवनं भागत. कर त्या टनांवर. मग व्यापाऱ्यांनी काय केलं? अरुंद पण खोल जहाजं बांधून घेतली. कागदावर लहान, पोटात मोठी. समुद्राला ती मानवत नसत, पण कारकुनाला मानवत. १८५४ साली कायदा बदलून पोटाची खरी मोजणी सुरू झाली. माप कशासाठी घेतलं जातं, यावरही जहाजाचा आकार ठरतो तो असा.

आपल्या किनाऱ्यावरच्या बोटींची मोजमापं नीट कागदावर आणायचं काम एकोणिसाव्या शतकात केलं ते बहुतांशी परक्यांनी. त्रिंकोमालीच्या सरकारी गोदीत मुख्य सुतार असलेल्या जॉन एडाय यानं १८३४ साली मलबार, कोरोमंडल आणि सिलोनच्या बोटींवर सचित्र निबंध छापला. फ्रेंच आरमारातल्या पारी या अधिकाऱ्यानं पुढच्या दशकात युरोपाबाहेरच्या जहाजांचे आराखडे काढले, त्यात आपली फत्तेमारीही आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही इथल्या बोटींची माहिती आहे. आज आपली फत्तेमारी कशी होती हे पाहायला आपण त्यांची पानं उलटतो. त्यांचे आभार मानावेत आणि थोडं शरमावंही.

हे सगळं जुनं झालं, आता त्याचं काय, असं कुणी म्हणेल. तर अगदी अलीकडची गोष्ट ऐका. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या जहाजाच्या चित्रावरून पाचव्या शतकातल्यासारखं जहाज पुन्हा बांधायचं भारतीय नौदलानं आणि सांस्कृतिक मंत्रालयानं ठरवलं. १२ सप्टेंबर २०२३ रोजी गोव्यात त्याचा कणा मांडला गेला. हाताशी होतं ते एक चित्र. चित्रात लांबी दिसते, उंची दिसते, रुंदी दिसत नाही. चित्रकारानं माणसं जहाजाच्या मानानं मोठी काढलेली, म्हणजे दिसते त्या लांबीवरही भरवसा नाही. आकडा कुठून आणायचा? मद्रासच्या आयआयटीत सागरी अभियांत्रिकी विभागानं पाण्यात नमुन्याच्या चाचण्या घेतल्या. नौदलानं डोलकाठीवर पडणाऱ्या ताणाचं गणित केलं. आणि फळ्या शिवल्या केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी, काथ्याच्या दोरीनं, खिळ्याशिवाय. शिवलेली बोट लाटेखाली थोडी लवते, म्हणून मोडत नाही. पण किती अंतरावर भोक पाडायचं, दोरी किती ओढायची, हे संगणकाच्या पडद्यावर नव्हतं. ते बोटांत होतं. तयार झालेलं जहाज सुमारे वीस मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद आहे, म्हणजे तिनास एक. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावानं नौदलात दाखल झालं, २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

मला या घटनेत अभिमानाइतकाच एक इशारा दिसतो. ते कारागीर उरले होते म्हणून हे जहाज झालं. आणखी दोन पिढ्या गेल्या असत्या तर चाचणीची टाकी असती, संगणक असता, काथ्याही असता, पण दोरी किती ओढायची हे सांगणारं कुणी नसतं. आपल्या खाड्यांतून आज बहुतेक होड्या फायबरच्या दिसतात. त्या साच्यातून निघतात, त्यांचं माप साच्यात कायमचं ठरलेलं असतं. मच्छीमाराला त्या परवडतात, देखभाल कमी लागते, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण साच्याला कुणी विचारत नाही की खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे का, आणि पावसाळ्यात ओढायला माणसं किती.

म्हणून एक विनंती. आपल्या गावच्या इतिहासाची वही भरताना आपण देवळाचा, दर्ग्याचा, वाड्याचा इतिहास लिहितो. लढाया आणि सनदा लिहितो. किनाऱ्यावरच्या शाळेतल्या शिक्षकांनी, महाविद्यालयातल्या मुलांनी एखाद्या रविवारी जुन्या सुताराकडेही जावं. सोबत वही न्यावी, मोजपट्टी न्यावी. गोष्टी ऐकाव्यातच, पण आकडेही विचारावेत. तीस हाताला रुंदी किती, चाळीसला किती? कण्याचं लाकूड केवढं? फळी किती तसू? बरगडी किती अंतरावर? डोलकाठी बोटीच्या लांबीच्या किती? आणि प्रत्येक आकड्यापुढे ‘का’ असं विचारून जे उत्तर मिळेल ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत उतरवावं. खाली त्यांचं नाव लिहायला विसरू नये.

अमात्यांनी ‘मध्यम’ एवढंच लिहिलं ते चाललं, कारण तेव्हा त्या शब्दाचा अर्थ सांगणारी माणसं गोदीत उभी होती. आता तो शब्द एकटा आहे.